नवरीचं तोंड कुणी पाहायचं?

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात विदिशेची राणी धारिणी आपल्या महालातल्या एका दासीला नवरीसारखं नटवायला सांगते. नटवायचं कोणत्या तऱ्हेनं, तेही ती सांगून ठेवते: वैदर्भ तऱ्हेनं. ही दासी म्हणजे मालविका. विदर्भाचा राजपुत्र माधवसेन याची ती बहीण. भाऊ चुलतभावाच्या कैदेत पडला, तिला विदिशेकडे घेऊन निघालेल्या तांड्यावर वाटेत दरोडा पडला आणि ही मुलगी नावगाव लपवून राणीच्या सेवेत राहिली. शेवटच्या अंकात विदर्भाहून नजराणा म्हणून आलेल्या दोघी मुली तिला ओळखतात आणि सगळा उलगडा होतो. राजा अग्निमित्र तिला नवरीच्या वेषात पाहतो तेव्हा तिच्या अंगावर फार खाली न लोंबणारं रेशमी वस्त्र आहे आणि पुष्कळ दागिने आहेत. ती राजकन्या आहे हे कळल्यावर धारिणी तिच्या डोक्यावरून वस्त्र ओढते, तिला अवगुंठित करते, आणि मगच राजाच्या स्वाधीन करते. याच अंकात विदर्भाचे दोन भाग होतात, वरदा नदीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक. वरदा म्हणजे आपली वर्धा, अमरावती जिल्ह्याची पूर्वेकडची शीव.

अग्निमित्र इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला. कालिदास त्याच्यानंतर पाच-सहाशे वर्षांनी झाला, म्हणून त्यानं रंगवलेला वेष त्याच्या स्वतःच्या काळातला धरावा. तरीही नवरी सजवण्याची वैदर्भ म्हणून एक वेगळी तऱ्हा होती आणि ती दूरच्या राजवाड्यातही नावाजलेली होती, एवढं त्यावरून नक्की कळतं. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मालविका दासी होती तोवर तिचा चेहरा उघडा होता. तिनं राजा-राणीसमोर नाच केला, राजा तिच्यावर भाळला. राणीपदाला चढताच तिच्या डोक्यावर वस्त्र आलं. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तही तसंच घडतं. वसंतसेना ही गणिका कुलवधू ठरते आणि तिला अवगुंठन घातलं जातं. त्या नाटकांच्या जगात झाकलेला चेहरा हा दर्जा होता. जिला हुकूम सोडता येतो ती झाकलेली, जी हुकूम झेलते ती उघडी.

पण लग्नाच्या दिवसाचा नियम याच्या नेमका उलट होता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळातलं सूर्येचं विवाहसूक्त जमलेल्या लोकांना सांगतं की या, ही मंगल नवरी बघा आणि तिला सौभाग्य देऊन मग आपापल्या घरी जा. भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकात वनवासाला निघालेला राम सीतेला चेहऱ्यावरचं वस्त्र दूर करायला सांगतो आणि लोकांना म्हणतो की यज्ञात, विवाहात, संकटात आणि वनात स्त्रीला पाहण्यात दोष नसतो. एरवी झाकलेल्या बाईलाही लग्नाच्या मांडवात मोकळेपणानं पाहावं, ही जुनी मुभा. नवरीला पाहणं हा पाहुण्यांचा हक्क आणि त्यांचं कामही होतं. तिला आशीर्वाद द्यायचा तर ती दिसली पाहिजे.

मग लपवायचं कुणापासून? फक्त एका माणसापासून, आणि तेही थोडा वेळ. आपला अंतरपाट हे त्याचं उत्तर.

वऱ्हाडातल्या मांडवात हा प्रसंग कसा घडतो ते इथल्या वाचकाला सांगायला नको, पण एकदा नीट पाहू. नवरदेवाच्या कपाळाला बाशिंग, नवरीच्या कपाळावर मुंडावळ्या, अंगावर मामाकडची पिवळी साडी. दोघांच्या पाठीशी दोघांचे मामा. मधे पांढरं कापड, त्यावर कुंकवानं काढलेलं स्वस्तिक, दोन्ही टोकांना धरून उभी राहिलेली दोन माणसं. पाहुण्यांच्या मुठीत अक्षता. आणि या अक्षता आपल्याकडे बहुतेक ज्वारीच्या असतात, कारण हा मुलूख भाताचा नव्हे, ज्वारी-कापसाचा. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी ‘सावधान’ होतं, मूठभर ज्वारी उडते, शेवटच्या सावधानाला कापड बाजूला सरकतं, वाजंत्री सुरू होते, हार पडतात. घड्याळं नव्हती तेव्हा हा क्षण घटिकापात्र ठरवत असे. पाण्यात सोडलेली, तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी चोवीस मिनिटांत भरून बुडायची, म्हणजे एक घटका झाली. जोशीबुवांचं सगळं लक्ष त्या वाटीकडे. तोवर पाहुणे, वऱ्हाडी, पोरंसोरं, मांडवाबाहेर उभे असलेले बलुतेदार, सगळे नवरीला पाहत असतात. ज्याचं लग्न तोच तेवढा पाहू शकत नाही. आणि तीही त्याला पाहू शकत नाही.

या रिवाजाला जुना शास्त्राधार आहे. विवाहात वधूवरांनी परस्परांकडे पाहण्याचा विधी गृह्यसूत्रांत येतो, आणि आधी दोघांमध्ये वस्त्र धरून मुहूर्त येताच ते काढावं असं आश्वलायनगृह्यपरिशिष्ट सांगतं. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी हा उल्लेख नोंदवला आहे. पण शास्त्रात आधार असलेले कितीतरी विधी मागं पडले. हा एक टिकला, तो ज्यांच्या घरी कधी पोथी उघडली गेली नाही अशा जातीजमातींतही टिकला, याचं कारण मला त्याच्या न्यायात दिसतं. रोमन नवरीच्या डोक्यावर ज्वाळेच्या रंगाचं पिवळं-केशरी वस्त्र असे. ज्यू लग्नात नवरदेव आधी नवरीचा चेहरा पाहून खात्री करतो आणि मग स्वतःच्या हातानं तिच्यावर वस्त्र ओढतो, कारण त्यांच्या धर्मकथेत याकोबाला राहेल दाखवून लेआ दिली गेली होती. १८४० साली व्हिक्टोरिया राणीनं पांढऱ्या पोशाखावर हॉनिटनची लेस घेतली आणि युरोपभर तीच रीत पसरली. या सगळ्या रिवाजांत वस्त्र नवरीच्या अंगावर आहे. पाहायचा अधिकार त्याचा, झाकून घ्यायचं काम तिचं. अंतरपाट कुणाच्याच अंगावर नसतो. तो दोघांना सारखाच आंधळा करतो आणि दोघांना एकाच क्षणी दृष्टी देतो.

मराठी मनातला सगळ्यांत प्रसिद्ध अंतरपाट समर्थ रामदासांचा. ‘सावधान’ ऐकलं आणि बारा वर्षांचा नारायण मांडवातून पळाला, ही परंपरेनं चालत आलेली कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कापडाच्या दुसऱ्या बाजूला एक मुलगी उभी होती. तिचं काय झालं हे विचारायची आपल्याला सवय नाही. अशा मुलींचं पुढं काय होई, याकडे या लेखात यायचंच आहे.

आता कौंडण्यपूर. तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी असलेलं हे गाव रुक्मिणीचं माहेर मानलं जातं आणि तिथून दर आषाढीला तिची पालखी पंढरपूरला जाते. भागवताच्या दहाव्या स्कंधात लग्नाच्या आदल्या दिवशी रुक्मिणी अंबिकेच्या देवळात पायी जाते. भोवती शिपाई, सख्या, वाद्यांचा गजर. हे देऊळ म्हणजे अमरावतीची अंबादेवी अशी इथली श्रद्धा आहे. देवळापासून कौंडण्यपूरपर्यंत भुयार होतं असंही जुनी माणसं सांगतात. पूजा करून बाहेर येताना ती हळूहळू चालते, डाव्या हाताच्या नखांनी चेहऱ्यावर आलेले केस मागं सारते आणि जमलेल्या राजांकडे लाजत का होईना, पण पाहते. ठरवलेला नवरदेव शिशुपाल तिला न्यायला आला होता. ती कृष्णाला शोधत होती. जिनं आधीच स्वतःच्या हातानं पत्र पाठवून नवरा निवडला, तिनं स्वतःच्या हातानं केस सारून त्याला गर्दीत हुडकून काढावं, हे फार सुसंगत आहे. एकनाथांनी १५७१ साली काशीत ‘रुक्मिणीस्वयंवर’ पुरं केलं आणि लग्न जमावं म्हणून मुलींनी त्याची पारायणं करण्याची रीत पडली. पारायण करणाऱ्या मुलीला बहुतेक वेळा नवरा निवडता येत नव्हता, पण निवडणाऱ्या मुलीची गोष्ट मात्र ती रोज वाचत होती.

याच जिल्ह्यात, कौंडण्यपुराहून फार लांब नाही अशा रिद्धपुरात, तेराव्या शतकात एक लग्न लागलं. त्याच्याइतकं विलक्षण लग्न मराठीच्या इतिहासात दुसरं नसेल. नवरदेव होते गोविंदप्रभू, लोकांचे गुंडम राऊळ, चक्रधरस्वामींचे गुरू. लोक त्यांना वेडा महापुरुष म्हणत. त्यांची लहर बाळासारखी, आणि भक्तमंडळी ती लहर झेलायला सदैव तयार. चक्रधर गेल्यावर नागदेवाचार्य आणि बाकीची मंडळी त्यांच्या सेवेला रिद्धपुरात येऊन राहिली होती. एकदा राऊळांच्या मनात आलं की आपलं लग्न व्हावं. मंडळींनी लग्नाचा थाट मांडला. लग्न म्हटलं की गाणी हवीत, धवळे हवेत. ते गायला पुढं आली महदाईसा, जिला महदंबा म्हणूनही ओळखतात. तिनं कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे तिथल्या तिथे रचून गायले. त्यांचा पहिला भाग त्या प्रसंगातला, पुढचा तिनं नंतर पुरा केला. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं ते याच रचनेमुळे.

महदाईसा बालविधवा होती. ही गोष्ट अभ्यासक्रमाच्या पुस्तकात एका शब्दात उरकली जाते, पण मला तिच्यापाशी थांबल्याशिवाय पुढं जाववत नाही. त्या काळच्या कुठल्याही सोवळ्या घरातल्या लग्नात तिला हळदीच्या पाटाजवळ फिरकू दिलं नसतं. सवाष्णींच्या ओळीत तिची जागा नव्हती. मंगल कार्याला निघालेल्या माणसासमोर ती आली असती तर लोक दोन पावलं मागं फिरले असते. आणि मराठीतली पहिली मोठी लग्नगीतं तिची आहेत. चक्रधरांच्या महानुभाव पंथातल्या मंडळींनी तिला गायला सांगितलं, तिचं ऐकलं, लिहून ठेवलं आणि शतकानुशतकं जपलं. विदर्भाच्या राजकन्येचं लग्न विदर्भाच्या मातीत एका विधवेनं लावून दिलं. रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतंय. तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही हकिकत पहिल्या दिवशी सांगितली जावी.

वस्त्र मांडवातून घरात कसं शिरलं, हा पुढचा भाग आहे. वऱ्हाडातल्या देशमुखी वाड्यांत गोषा कडक होता. बाहेरच्या पुरुषासमोर बाई येत नसे. नातेवाइकांकडे जायचं तर दमणीला चारी बाजूंनी पडदे लागत आणि बैल वाड्याच्या दारात आणून जुंपले जात. नवी सून आली की सूनमुख पाहण्याचा सोहळा होई. सासू आरशात सुनेचा चेहरा पाही, अंगावर दागिना घाली, आणि त्या दिवसापासून तो चेहरा वाड्याच्या मालकीचा होई. गोषा मुसलमानी अमदानीत आला, असं सरसकट सांगितलं जातं. अचलपुरात इमादशाही १४९० च्या सुमारास उभी राहिली आणि १५७४ ला संपली. बाळापूर मोगलांच्या काळात सुभ्याचं ठाणं होतं. दरबारी रिवाजांचा असर देशमुखांवर पडला यात शंका नाही. पण मालविकेच्या डोक्यावरचं वस्त्र त्याच्या हजार वर्षं आधीचं आहे. वरच्या दर्जाची बाई झाकायची, ही सवय आपल्याकडे आधीपासून होती. नव्या राज्यकर्त्यांनी तिला नवा थाट दिला.

अकोल्या-बाळापूरच्या मुसलमान घरांत लग्नाचा एक विधी मात्र अंतरपाटाचा सख्खा भाऊ शोभेल असा आहे. निकाह झाल्यावर दूल्हा-दुल्हन एका ओढणीखाली बसतात, मधे कुराण आणि आरसा ठेवतात आणि दोघं एकमेकांना पहिल्यांदा त्या आरशात पाहतात. त्याला आरसी-मुसहफ म्हणतात. थेट पाहण्याआधीची ती एक नाजूक पायरी, आणि तीही दोघांना सारखी.

गोषा ज्यांना परवडत नव्हता त्या बायांचं काय? कुणबी, माळी, तेली, महार बायांना पहाटे उठून वावरात जायचं होतं. निंदण, खुरपण, कापसाची वेचणी, हे सगळं तोंडावर पदर ओढून होत नाही. देशमुखीणबाई पडद्यात बसू शकत होती, कारण तिच्या वाट्याचं उन्हातलं काम दुसरी बाई करत होती. १८५३ ला वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. पुढच्या दशकभरात रेल्वे अकोल्यावरून बडनेऱ्याकडे गेली, खामगावाला आणि अमरावतीला फाटे निघाले, कापसाच्या व्यापारात उतरलेल्या मारवाडी घराण्यांच्या पेढ्या गावोगाव वाढल्या. त्यांच्या बायका लांब घुंगट घेत. कापसाचा पैसा खेळता झाला तशी खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याच्या घरातही बाई वावरात न जाणं ही प्रतिष्ठा ठरू लागली. पडद्याकडे जाणारी वाट अशीच सुरू होते, असं माझं मत आहे. पुढं याच मारवाडी समाजात शेजारच्या वर्ध्याच्या जानकीदेवी बजाज यांनी पडदा टाकला आणि इतर बायकांना तो टाकायला लावला. त्यांच्या धैर्याचं मोल तेव्हाच्या मारवाडी वाड्यांत वाढलेल्या बायकांनाच पुरतं कळलं असेल.

खरा अंधार मात्र दुसरीकडे होता. ज्या जातींत विधवेला पुन्हा नवरा करायची मुभा होती त्या जातींत त्या लग्नाला पाट म्हणत. वरच्या जातींत ही मुभाच नव्हती, त्यामुळं पाट लावणाऱ्या जातींचं मन मोठं म्हणायला हवं. पण पाट लागायचा कसा? रात्री, तोही अंधाऱ्या पक्षात. वाजंत्री नाही, मांडव नाही, बाशिंग नाही, मंगलाष्टकं नाहीत. अंतरपाट धरायचं कारणच नव्हतं, कारण पाहायला कुणी नव्हतं. मोजकी माणसं आणि एखादा दिवा. सवाष्ण बाईनं दुसऱ्या दिवसापर्यंत त्या नवरीचं तोंड पाहू नये असा दंडक. पहिल्या लग्नात साऱ्या गावानं जिचं तोंड पाहून आशीर्वाद दिला, तिचंच तोंड दुसऱ्या लग्नात अपशकुनी ठरत होतं. एवढ्या जाड पडद्यापुढं घुंगट म्हणजे काहीच नाही.

वऱ्हाडातली एक बाई यावर बोलली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापलं गेलं, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या हत्येसाठी शिक्षा झाली होती आणि वर्तमानपत्रं सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेत होती, त्यावर हा संताप उसळला. नवरा मेला की बायकोचं तोंड कुणी पाहायचं नाही, मग बायको मेली की नवऱ्यानं दाढीमिशा उतरवून रानात का जाऊ नये, असं त्यांनी विचारलं. ताराबाई मराठा घरातल्या. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाचे. वडिलांनी मुलीला लिहायला-वाचायला शिकवलं, त्यातून हे पुस्तक जन्मलं. या एका पुस्तकानंतर त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही.

सत्यशोधकांनी लग्नाचा मांडवच बदलला. २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात भटजीशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. जोतीराव फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. ती आपले हक्क मागते, तो ते द्यायचं कबूल करतो. हजारो वर्षं अंतरपाटापलीकडे खाली मान घालून उभ्या राहिलेल्या मुलीला तिथं पहिल्यांदा तोंड फुटलं. तिला पाहू देण्यापेक्षा तिला बोलू देणं मोठं आहे, हे जोतीरावांनी ओळखलं होतं. सत्यशोधक विचार वऱ्हाडात खोल रुजला आणि त्याला पुढं नेणाऱ्यांत पंजाबराव देशमुख होते. पापळ गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा ऑक्सफर्डला जाऊन वैदिक वाङ्मयावर प्रबंध लिहून आला आणि परत येऊन अंबादेवीच्या दारात उभा राहिला. रुक्मिणीसाठी उघडलेलं ते दार अस्पृश्यांना बंद होतं. १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात याच प्रश्नावर परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच साली पंजाबरावांनी मुंबईच्या विमलाबाईंशी जात मोडून लग्न केलं. देशमुखी वाड्याच्या परंपरेतल्या सुनेनं घराबाहेर पडून सार्वजनिक काम करावं हे तेव्हा सोपं नव्हतं. विमलाबाई पुढं राज्यसभेपर्यंत गेल्या.

दोन वर्षांनी, १९२९ ला, शारदा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३० पासून मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा असं किमान बंधन आलं. कायदा लागू होण्याआधी देशभर लहान मुलांची लग्नं उरकण्याची घाई उडाली. जिला अंतरपाटापलीकडे कोण आहे हेच कळत नाही अशा मुलीच्या पुढं तो धरून काय साधत होतं?

गाडगेबाबांनी या सगळ्याकडे वेगळ्या बाजूनं पाहिलं. शेणगावच्या परीट घरात १८७६ ला त्यांचा जन्म. लग्नात नवरदेवाच्या पायाखाली पायघड्या अंथरण्याचा मान परटाचा. म्हणजे सगळ्या गावाच्या लग्नांचं धुणं आणि कापड त्यांच्या जातीनं वाहिलेलं. कर्ज काढून थाट केलेल्या लग्नामागं सावकाराच्या घरी काय गहाण पडतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. लग्नासाठी ऋण काढू नका, हे ते कीर्तनातून आयुष्यभर विनवत राहिले. तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त वैवाहिक जीवनावर आणि महिलांच्या उन्नतीवर स्वतंत्र अध्याय लिहिले, साधी सामुदायिक लग्नं लावा म्हणून गावोगाव सांगितलं. त्यांचं गुरुकुंज मोझरी आणि रुक्मिणीचं कौंडण्यपूर एकाच तालुक्यात आहेत.

आणि मग १९५६. बाबासाहेबांनी ४ डिसेंबरला, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधी, एका पत्रात बौद्ध विवाहाचा विधी लिहून कळवला. होम नको, सप्तपदी नको. वधूवरांच्या मधे एका चौरंगावर मातीचं नवं मडकं काठोकाठ पाण्यानं भरून ठेवावं, त्यात सुती दोरा सोडावा, दोन्ही टोकं दोघांनी हातात धरावी, मंगलसुत्त म्हणावं, दोघांचे कपडे पांढरे असावेत. कापूस पिकवणाऱ्या या मुलखात त्या पत्राचा अर्थ मला फार मोठा वाटतो. दोघांच्या मधे सूतच राहिलं, फक्त कापड गेलं आणि दोरा आला. दोरा कुणाला झाकत नाही आणि दोन्ही टोकं सारख्या हक्कानं धरावी लागतात. अमरावती-अकोल्याच्या गावांत आज हजारो घरांची लग्नं पांढऱ्या वस्त्रांत लागतात. १९९० ला अकोल्यात स्थापन झालेल्या मराठा सेवा संघानं शिवविवाहाची पद्धत आणली. जिजाऊंना वंदन होतं, अक्षतांऐवजी फुलं पडतात, धान्य वाया जात नाही.

आजच्या नवरीचं वस्त्र वेगळ्या वाटेनं येतं. अमरावतीबाहेर नागपूर रस्त्यावर बिझीलँड, सिटीलँड अशी कापडाची मोठमोठी ठोक संकुलं उभी आहेत. लग्नसराईत तिथं विदर्भभरचे दुकानदार येतात. अकोल्यात टिळक रोडवर तीच गर्दी. पिवळ्या साडीबरोबर आता घागरा आणि जाळीची ओढणी हवी असते, काठावर सौभाग्याचे आशीर्वाद जरीनं विणलेली. अंतरपाटही विकत मिळतो, पैठणीच्या काठाचा, वधूवरांची नावं भरलेला. या हौसेला मी नाव ठेवणार नाही. लग्न आयुष्यात एकदा येतं, मुलीला जे शोभतं ते तिनं घ्यावं. ती ओढणी तिनं स्वतः घेतलेली आहे आणि ती मनात येईल तेव्हा बाजूला करू शकते, एवढी खात्री असली म्हणजे पुरे. तशी खात्री नसेल तिथं मात्र जाळीतून चेहरा दिसतो या समाधानाला अर्थ नाही.

आपल्याकडे लग्नात न पाहण्याचे दोन नियम अजून जिवंत आहेत. कित्येक घरांत नवरीची आई मंगलाष्टकांच्या वेळी मांडवात थांबत नाही. लेकीचं लग्न आईनं पाहू नये म्हणून ती तुळशीला पाणी घालत बसते. आणि ती विधवा असेल तर हळदीपासूनच मागच्या खोलीत असते. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही तो कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. कागदावर ते झालं. मांडवात व्हायचं ते आपल्या हातात आहे.

म्हणून ज्यांच्या घरी येत्या तुळशीच्या लग्नानंतर मांडव पडणार आहे त्यांना माझी एक विनंती आहे. अंतरपाट ठेवा, तो सुंदर आहे आणि न्यायाचाही आहे. त्याचं एक टोक नवरीच्या आईच्या हातात द्या, दुसरं नवरदेवाच्या आईच्या. त्यातली एखादी विधवा असेल तर आधी तिच्या हातात द्या. आपल्या भाषेतले पहिले धवळे रिद्धपुरात एका विधवेनं गायले आहेत, तेव्हा वऱ्हाडात तरी याला कुणी रूढीविरुद्ध म्हणू नये.